दाह पेटतो कसा आणि थांबतो कसा : वाचकांचे प्रश्न

जंतुसंसर्ग आणि दाह यांवर शरीर नियंत्रण कसे ठेवते, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. काही पत्रांत स्वतःच्या औषधांबद्दल सल्ला मागितला आहे. तो सल्ला रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायचा असल्यामुळे अशा पत्रांतील सर्वांना उपयोगी पडेल तेवढाच भाग घेतला आहे.

प्रश्न : वडिलांच्या पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल होऊन सुजला आणि अंगात तापही आला. डॉक्टरांनी ‘इन्फ्लमेशन आहे, इन्फेक्शन नाही’ असे सांगून अँटिबायोटिक दिले नाही. जंतू नसताना हे सगळे कसे होते?

उत्तर : संसर्ग म्हणजे जंतूंनी शरीरात शिरून तेथे वाढणे आणि दाह म्हणजे त्यावर किंवा अन्य कोणत्याही इजेवर शरीराने दिलेला प्रतिसाद. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. इजेच्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि उष्णता येते, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो म्हणून सूज येते आणि तेथे सुटलेली रसायने मज्जातंतूंची टोके चेतवतात म्हणून दुखते. हा सारा खटाटोप पांढऱ्या पेशींना रक्तातून ऊतीत उतरता यावे यासाठी असतो.

जंतू आला आहे हे शरीराला कळते कसे, या प्रश्नाकडे मात्र फार काळ दुर्लक्ष झाले. १९८९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी असा तर्क मांडला की आपल्या पेशींवर असे रिसेप्टर असले पाहिजेत, जे कोणत्याही एका जंतूला नव्हे, तर जंतूंच्या मोठ्या गटांत समान असलेल्या आणि आपल्या शरीरात नसलेल्या रेणूंना ओळखतात. १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीतील ‘टोल’ या जनुकाचा बुरशीविरोधी संरक्षणाशी असलेला संबंध दाखवला आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांत त्याच कुळातला एक रिसेप्टर जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक ओळखतो हे सिद्ध केले. या दोघांना २०११ च्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. जेनवे २००३ मध्येच निवर्तले होते. त्यांचे सहकारी रुस्लान मेद्झितोव्ह यांना मात्र हयात असूनही वगळले गेले आणि त्याबद्दल अनेक प्रतिकारशास्त्रज्ञांनी जाहीर नाराजी नोंदवली, ती प्रस्तुत लेखकालाही योग्य वाटते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या शोधांच्या पुढच्या टप्प्यात आहे. पेशींमधील काही संवेदक जंतूंच्या खुणांबरोबरच शरीराच्या स्वतःच्या मोडतोडीच्या खुणाही ओळखतात. युर्ग चॉप यांच्या गटाने २००२ मध्ये पेशीच्या आत जुळून येणाऱ्या ‘इन्फ्लमासोम’ या प्रथिनसंचाचे वर्णन केले आणि २००६ मध्ये त्यांनीच दाखवले की सांध्यात साचलेले युरिक आम्लाचे स्फटिक हाच संच चेतवतात. त्यातून आयएल-१ बीटा हे प्रथिन बाहेर पडते आणि तेच तापासह पुढचा सारा क्रम सुरू करते. अंगठ्याच्या सांध्याला रात्रीतून येणारी अशी सूज बहुधा गाऊटची असते. तेथे जंतूच नसल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सांध्यात जंतुसंसर्गही होऊ शकतो आणि तो धोकादायक असतो, म्हणून शंका असल्यास डॉक्टर सांध्यातील पाणी काढून तपासतात.

प्रश्न : दाह आपोआप ओसरतो, की त्याला थांबवणारी वेगळी व्यवस्था शरीरात असते? (एक निवृत्त विज्ञानशिक्षक)

उत्तर : या वेळच्या पत्रांतील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याला जागाही अधिक देत आहोत. जंतू संपले आणि चेतवणारी रसायने विरली की दाह आपसूक निवतो, असेच अनेक वर्षे मानले जाई. तो समज आता टिकलेला नाही. दाह थांबवणे ही तो सुरू करण्याइतकीच सक्रिय प्रक्रिया आहे आणि तिची तयारी दाह ऐन भरात असतानाच सुरू होते.

इजेच्या जागी आधी मोठ्या संख्येने पोहोचतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. प्रौढ माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. त्या जंतूंना गिळून तीव्र रसायने आणि प्रथिने तोडणारी विकरे यांनी मारतात. परंतु ही द्रव्ये जंतू आणि आपली ऊती असा भेद करत नाहीत. अशी पेशी जागीच फुटली, तर आतील द्रव्ये सांडून शेजारच्या निरोगी पेशींचे नुकसान होते आणि दाह पुन्हा भडकतो. म्हणून काम संपलेली न्यूट्रोफिल आपले आवरण अखंड राखून, आक्रसून, ठरलेल्या पद्धतीने मरते आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी तिला सगळीच्या सगळी गिळून टाकतात. ब्रिटिश डॉक्टर जॉन सॅव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८९ मध्ये दाखवले. त्यानंतरच्या दहा वर्षांत जे आढळले ते अधिक महत्त्वाचे होते. मेलेली पेशी गिळल्यावर मॅक्रोफेजचे वर्तनच पालटते. टीएनएफसारखी दाह वाढवणारी प्रथिने सोडणे ती कमी करते आणि दाह शमवणारी व ऊतीची डागडुजी करवणारी प्रथिने सोडू लागते. म्हणजे सफाईचे कामच थांबण्याचा निरोप देते.

दुसरा धागा स्निग्ध रेणूंचा आहे. प्रोस्टाग्लँडिन हे रेणू वेदना आणि सूज वाढवतात आणि अ‍ॅस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले होते. त्याच संशोधनासाठी त्यांना १९८२ चा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. पुढे चार्ल्स सेर्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिपॉक्सिन, रेझॉल्व्हिन अशा रेणूंची एक मालिकाच शोधून काढली, जी न्यूट्रोफिलची आवक थांबवते आणि मॅक्रोफेजच्या सफाईला वेग देते. यातील चकित करणारी बाब अशी की सुरुवातीला वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिनच काही काळाने न्यूट्रोफिलना लिपॉक्सिन बनवण्याकडे वळवते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात याची व्यवहारातली बाजू दिसली. प्रोस्टाग्लँडिन रोखणारे औषध दाहाच्या आरंभी दिले तेव्हा दाह कमी झाला, पण तेच औषध ओसरण्याच्या टप्प्यात दिले तेव्हा दाह लांबला. औषध तेच आणि प्राणीही तेच असताना केवळ वेळ बदलल्याने परिणाम उलटला. रेझॉल्व्हिन ओमेगा-३ मेदाम्लांपासून बनतात हे खरे आहे, परंतु तेवढ्यावरून ओमेगा-३ च्या गोळ्या दाहाचे आजार बरे करतात असा निष्कर्ष काढता येत नाही, हे जाहिराती वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

तिसरी व्यवस्था अधिक दीर्घ पल्ल्याची आहे. आयएल-१० या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना आतड्याचा तीव्र दाह होतो, हे १९९३ मध्ये दिसले आणि २००९ मध्ये याच प्रथिनाच्या रिसेप्टरमध्ये दोष असलेल्या बालकांत तसाच आजार आढळला. आतड्यात अगणित निरुपद्रवी जिवाणू कायम नांदत असतात; त्यांच्याशी शांततेने राहण्यासाठीही एक प्रथिन सतत राबत असते आणि ते नसेल तर आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच आतडे स्वतःच्या प्रतिकाराने पोखरले जाते. असा आवर घालणाऱ्या खास टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतात, हे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ठोसपणे दाखवले, तेव्हा हा विचार बराच बदनाम झालेला होता, कारण आधीच्या दशकांतील ‘दमनकारी’ पेशींचे दावे पुराव्याअभावी कोसळले होते. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये एका रोगट उंदरांच्या वाणातील बिघडलेले जनुक, फॉक्स-पी-३, शोधले आणि त्याच जनुकातील दोषाने मुलग्यांना आयपेक्स नावाचा गंभीर स्वयंप्रतिकार आजार होतो हेही स्पष्ट झाले. साकागुचींच्या नियामक टी-पेशी याच जनुकाच्या आधारे घडतात हे २००३ मध्ये कळले आणि दोन वेगळ्या वाटांनी चाललेले संशोधन एकत्र आले. या तिघांना २०२५ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

प्रश्न : बाजारात रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या आणि पेये मिळतात. ही शक्ती नेमकी किती वाढवावी?

उत्तर : वरील उत्तर वाचल्यावर लक्षात येईल की वाढवावी किंवा मोजावी अशी एकच राशी येथे नाही. ती खरोखरच सरसकट वाढवली तर काय होते, याचे उदाहरण मात्र उपलब्ध आहे. मार्च २००६ मध्ये लंडनमधील एका रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन-१४१२ हे टी-पेशींना चेतवणारे प्रतिपिंड प्रथमच देण्यात आले. अपेक्षा अशी होती की त्यामुळे नियामक टी-पेशी वाढून दाह शमेल. मात्रा प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकी होती. दीड तासाच्या आत सर्वांना डोकेदुखी, ताप आणि हुडहुडी सुरू झाली आणि पुढे एकाहून अधिक अवयव निकामी होऊ लागले. सर्व जण अतिदक्षता उपचारांनी वाचले. बाजारातील गोळ्यांनी असे काही होत नाही, याचे कारण त्यांपैकी बहुतेकांचा प्रतिकारयंत्रणेवर सांगण्याजोगा परिणामच होत नाही. पोषणातील खरी उणीव भरून काढणे ही गोष्ट वेगळी. लस हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे, कारण ती एका ठरावीक जंतूविरुद्ध स्मृती घडवते. सरसकट काहीही वाढवत नाही.

प्रश्न : स्टेरॉइडने प्रतिकार दबतो असे आपण ऐकतो. मग कोविडच्या विषाणूशी शरीर झुंजत असताना स्टेरॉइड देऊन जीव कसे वाचले?

उत्तर : सर्वांचे वाचले नाहीत, आणि शिकण्यासारखे तेच आहे. ब्रिटनमधील रिकव्हरी या चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाले. त्यात २,१०४ रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिवसाला ६ मिलिग्रॅम या मात्रेत कमाल १० दिवस दिले गेले आणि ४,३२१ रुग्णांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ ऑक्सिजन लागणाऱ्यांत ते २६.२ वरून २३.३ वर आले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. उलट त्यांच्यातील मृत्यूंचा आकडा थोडा अधिकच होता, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतका मोठा नव्हता. आजाराच्या पहिल्या दिवसांत विषाणूची वाढ हा मुख्य धोका असतो आणि तेव्हा प्रतिकार दाबणे घातक ठरू शकते. गंभीर रुग्णांत पुढच्या टप्प्यात फुप्फुसाचे नुकसान मुख्यतः अनावर दाहामुळे होत असते. सौम्य आजारात पहिल्याच दिवशी स्वतःहून स्टेरॉइड सुरू करण्याची जी प्रथा त्या काळात पसरली, तिला या चाचणीचा आधार नव्हता.

याच साथीने नाण्याची दुसरी बाजूही दाखवली. पेशींना विषाणूविरोधी स्थितीत आणणारे इंटरफेरॉन हे प्रथिन अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये शोधले होते. जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राणघातक न्यूमोनिया झालेल्या ९८७ कोविड रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. लक्षणे नसलेल्या किंवा सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांपैकी एकातही ती नव्हती. म्हणजे या रुग्णांमध्ये प्रतिकाराचा पहिला टप्पाच कमी पडला, विषाणू वाढत गेला आणि नंतरचा दाह त्या पसाऱ्याला दिलेला उशिराचा प्रतिसाद होता. ‘प्रतिकार जास्त झाला’ आणि ‘प्रतिकार कमी पडला’ ही दोन्ही विधाने एकाच रुग्णाबद्दल, आठवडाभराच्या अंतराने, खरी असू शकतात.

प्रश्न : मला संधिवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचे आहे. त्याआधी क्षयरोगाची तपासणी का करायला सांगितली? मला खोकला नाही आणि घरात कोणाला क्षयरोगही नव्हता.

उत्तर : आपले इंजेक्शन बहुधा टीएनएफ या प्रथिनाला अडवणारे असावे. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९० च्या दशकात लंडनमध्ये दाखवून दिले की संधिवाताने सुजलेल्या सांध्यात अनेक दाहकारक प्रथिने असली, तरी त्यांच्या साखळीत टीएनएफला कळीचे स्थान आहे आणि ते एकच अडवले तरी बहुतेक रुग्णांना मोठा आराम मिळतो. संधिवाताच्या उपचारांत एवढा मोठा पालट क्वचितच झाला असेल.

परंतु टीएनएफ हे काही सांधे दुखवण्यासाठी निर्माण झालेले प्रथिन नाही. क्षयाचे जंतू मॅक्रोफेजच्या पोटात जिवंत राहू शकतात. शरीराला त्यांचा नायनाट करता आला नाही, तर ते त्यांच्याभोवती पेशींची गाठ उभारून त्यांना कोंडून ठेवते. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी क्षयाच्या जंतूंचा संसर्ग झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच पुढे प्रत्यक्ष आजार होतो. ही गाठ शाबूत ठेवण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफविरोधी औषध घेतल्यानंतर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांची नोंद होती. निम्म्या रुग्णांत आजार साधारण १२ आठवड्यांच्या आतच दिसून आला आणि निम्म्याहून अधिकांत तो फुप्फुसाबाहेर होता. अनेक वर्षे गप्प बसलेला संसर्ग औषध सुरू होताच उफाळून आल्याचे हे चित्र होते. म्हणून लक्षणे नसली तरी आधी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी आणि छातीचा एक्स-रे करतात. सुप्त संसर्ग आढळल्यास त्याचे औषध आधी सुरू करून मग इंजेक्शन देतात. ही तपासणी टाळू नये.

तर मग क्षयरोगात टीएनएफ जितके अधिक तितके चांगले, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने पारदर्शक झेब्रा माशांच्या पिलांत क्षयाच्या जंतूंचा जवळचा नातलग सोडून त्याची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली. टीएनएफ कमी पडले तेव्हा मॅक्रोफेजच्या आत जंतू माजले आणि ते प्रमाणाबाहेर झाले तेव्हा मॅक्रोफेज फुटून जंतू बाहेर पसरले. दोन अगदी उलट बिघाडांचा शेवट सारखाच झाला. क्षयाच्या मेंदूज्वरात जंतुनाशक औषधांबरोबर डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू कमी होतात, असे व्हिएतनाममधील एका चाचणीत दिसले आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कवटीच्या बंदिस्त जागेत दाहाची सूज किती महाग पडते, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटत नाही.

प्रश्न : ताप हा शरीराचा मित्र आहे, तो उतरवू नये, असे काही जण सांगतात. ते कितपत बरोबर आहे?

उत्तर : अर्धे बरोबर आहे. ताप म्हणजे बिघाड नसून मेंदूतील हायपोथॅलमस या भागाने शरीराचे तापमान मुद्दाम वर नेमणे होय. आयएल-१ आणि आयएल-६ यांसारखी प्रथिने तेथे प्रोस्टाग्लँडिन तयार करवतात, म्हणूनच ते रोखणाऱ्या औषधांनी ताप उतरतो. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. ज्यांना शरीर गरम ठेवता आले ते अधिक जगले. परंतु माणसाचा प्रश्न इग्वानावरून सुटत नाही. अतिदक्षता विभागातील ७०० तापकरी रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल दिल्याने अतिदक्षतेबाहेर काढलेल्या दिवसांत फरक पडला नाही. लाभ झाला नाही तसे नुकसानही झाले नाही. तेव्हा अंग मोडून आले असेल, झोप लागत नसेल, तर ठरलेल्या मात्रेत औषध घेण्यात गैर नाही. केवळ थर्मामीटरवरचा आकडा खाली आणण्यासाठी ते घेण्याची गरज नाही. तान्ह्या बाळांचा ताप मात्र या चर्चेत बसत नाही. तेथे विनाविलंब डॉक्टर गाठावा.

प्रश्न : एकाच जंतूचा संसर्ग दोघांना होतो, एक अंथरुणाला खिळतो आणि दुसऱ्याला कळतही नाही. दुसऱ्याचा प्रतिकार अधिक बलवान असतो का?

उत्तर : प्रत्येक वेळी नाही. संसर्गातून निभावून जाण्याचे दोन मार्ग आहेत. जंतूंची संख्या घटवणे हा एक आणि जंतूंची संख्या तीच राहूनही शरीराचे नुकसान कमी होऊ देणे हा दुसरा. वनस्पतिरोगतज्ज्ञांना हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक होता. प्राण्यांच्या बाबतीत तो नीट तपासला गेला तो २००७ मध्ये. लार्स रोबर्ग, डेरेक सिम आणि अँड्रयू रीड यांनी पाच वाणांच्या उंदरांना मलेरियाच्या परजीवीचा संसर्ग करून दाखवले की परजीवींची संख्या विचारात घेऊनही वाणावाणांत रक्तक्षय आणि वजनातील घट यांत फरक पडतो. शिवाय जे वाण परजीवी घटवण्यात तरबेज होते, ते नुकसान सोसण्यात उणे होते.

नियामक टी-पेशींचा संबंध येथेही येतो. यास्मिन बेल्केड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की लीशमॅनिया या परजीवीचा त्वचेचा संसर्ग बरा झाल्यावरही उंदरांत थोडे परजीवी शिल्लक राहतात, कारण नियामक पेशी त्यांचा पूर्ण संहार होऊ देत नाहीत. या पेशींचा आवर काढून घेतल्यावर परजीवी समूळ नाहीसे झाले, पण त्यांबरोबर पुन्हा होणाऱ्या संसर्गापासूनचे संरक्षणही गेले. शत्रूचा थोडा शेष मुद्दाम राखण्यात शरीराचा असा लाभ असू शकतो. वटवाघळे अनेक विषाणू बाळगूनही आजारी दिसत नाहीत, त्यामागेही त्यांच्या इन्फ्लमासोमचा प्रतिसाद मुळातच मंद असणे हे एक कारण असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

प्रश्न : उंदीर बरे होतात, माणसे का होत नाहीत? (जीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : प्रश्नातील चीड समजण्याजोगी आहे आणि ती सेप्सिसच्या बाबतीत सर्वाधिक न्याय्य आहे. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊन जिवावर बेतणे. जिवाणूंचे विष टोचण्यापूर्वी टीएनएफविरोधी प्रतिपिंडे दिल्यास प्राणी वाचतात, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले होते. १९९० च्या दशकात माणसांवर झालेल्या चाचण्यांनी मात्र निराशा केली. टीएनएफ पकडणाऱ्या एका औषधाच्या वाढत्या मात्रेबरोबर मृत्यू वाढल्याचे १९९६ मध्ये दिसले. पहिले कारण वेळेचे आहे. प्रयोगात औषध विषाच्या आधी दिले जाते. रुग्ण रुग्णालयात येतो तेव्हा टीएनएफची लाट बहुधा येऊन गेलेली असते आणि कित्येकांत उलट प्रतिकार लुळा पडण्याचा टप्पा सुरू झालेला असतो. दुसरे कारण मात्रेचे. जिवाणूंच्या ज्या विषाच्या किलोमागे काही नॅनोग्रॅमनी माणसाला ताप येतो, त्याच विषाने उंदीर मरायला किलोमागे काही मिलिग्रॅम लागतात.

तिसरे कारण अलीकडे उलगडले. प्रयोगशाळेतील उंदीर कमालीच्या निर्जंतुक वातावरणात वाढतात. डेव्हिड मासोपस्ट आणि स्टीफन जेमसन यांच्या गटांनी २०१६ मध्ये दाखवले की अशा उंदरांची प्रतिकारयंत्रणा नवजात अर्भकासारखी असते आणि दुकानातून आणलेल्या उंदरांबरोबर त्यांना ठेवल्यास ती प्रौढ माणसाच्या यंत्रणेकडे झुकते. २०१९ मध्ये स्टेफान रोसहार्ट आणि बार्बरा रेहरमन यांच्या गटाने प्रयोगशाळेतील उंदरांचे भ्रूण रानटी मादीच्या गर्भाशयात वाढवून जन्माला घातले. जनुके प्रयोगशाळेची, पण सूक्ष्मजीव रानातले, असे हे उंदीर होते. टीएनएफविरोधी उपचार या उंदरांत माणसांप्रमाणेच निष्फळ ठरला आणि २००६ मधील त्या घातक प्रतिपिंडाच्या धर्तीच्या औषधाने नियामक पेशी वाढण्याऐवजी दाहकारक प्रथिने उसळली. दोन्ही फसगती आधी दिसू शकल्या असत्या. आपण संशोधनात उतरणार असाल, तर आपला प्राणी कोणत्या जंतूंच्या सहवासात वाढला आहे आणि औषध आजाराच्या कोणत्या तासाला दिले आहे, या दोन नोंदी इतर कोणत्याही नोंदींइतक्याच कसोशीने ठेवाव्यात.

प्रश्न : रक्ततपासणीत सीआरपी वाढलेले आले की जंतुसंसर्ग आहेच असे समजावे का?

उत्तर : नाही. सीआरपी हे यकृतात मुख्यतः आयएल-६ च्या इशाऱ्यावरून बनणारे प्रथिन आहे आणि १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. ते दाह आहे एवढेच सांगते. दाह जंतूंमुळे, संधिवातामुळे, शस्त्रक्रियेमुळे की इजेमुळे, हे सांगत नाही. एकाच आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांतील चढउतार अधिक उपयोगी ठरतो, कारण ते काही तासांत वाढू लागते आणि कारण दूर झाल्यावर साधारण १९ तासांत निम्म्यावर येते. टोसिलिझुमॅबसारखे आयएल-६ चा मार्ग अडवणारे औषध घेणाऱ्या रुग्णात मात्र गंभीर संसर्ग असूनही सीआरपी कमीच राहू शकते; तेव्हा असे औषध चालू असल्यास तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना ते आधी सांगावे.